भुऱ्याचं डोकं

आमच्या भुऱ्याचं खरं नाव आम्हाला तो मेल्यावर कळलं.

दत्ता.

इतकी वर्षं एकत्र हिंडलो, एका ताटात खाल्लं आणि नाव माहीत नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापहो. आज त्याला जाऊन वर्ष झालं आणि मला समजावून सांगायचा लई कंटाळा आलाय. तरी एकदाच सांगते.

आम्ही फरी आहोत. म्हणजे प्रत्येकाच्या मनात एक प्राणी असतो. त्याचं नाव ठेवायचं, चित्रं काढायची, जमलं तर त्याचा सूट शिवायचा आणि तो घालून चार लोकांत मिसळायचं. बस्स. पंथ नाही, आजार नाही.

जाहिरातही नाही. क्रांती चौकात एका हवालदारानं विचारलं होतं, "कोणत्या दुकानाची अॅड आहे?" म्हणून सांगितलं.

संभाजीनगरात आम्ही मोजकीच टाळकी. एकमेकांना प्राण्याच्या नावानंच हाक मारायची, बाकी चौकशा करायच्या नाहीत. मी मुंगूस. सगळ्यांच्या सुटांची डोकीही मीच बनवते. फोम कापायचा, ग्लू गननं बोटं भाजून घ्यायची, गुलमंडीतून टेडीचं कापड आणायचं. आई म्हणते, "इंजिनिअर केली, आन् बसली बाहुल्या शिवत."

भुऱ्या लांडगा होता.

आणि घर कुठलं? पिशोरचं. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं.

मी म्हटलं, "अरे बाबा, घरी मार खाशील."

"खाल्ला ना ताई. आबा म्हनले, माझी येवढी मेंढरं नेली त्यानं, आन् तू त्येचंच तोंड घालून हिंडतो व्हय? माझ्यासमोर आनू नको."

त्यानं कधी आणलं नाही. आबांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, कधी पाहिलं नाही.

मानेभोवतीची लोकर मात्र आबांच्याच मेंढरांची. कातरणी झाली की हा गुपचूप पोतं भरून घेऊन आला. शिंका देऊन देऊन माझा जीव गेला.

चितेगावला कंपनीत होता. शनिवारची रात्रपाळी करून रविवारी सरळ बागेत यायचा, आम्ही सगळे जमायचो तिथं. डोळे लाल. आल्या आल्या डोकं घालायचा.

"अरे झोप ना घरी जाऊन."

"आठवडाभर सायबाला तोंड दाखवतो ताई. आज कोनालाच दाखवायचं नाय. आत बरं आसतं. हसा, रडा, कोन बघतंय?"

आमच्यात एक रीत आहे. डोकं घातलेल्याला 'काढ' म्हणायचं नाही. कितीही उकडू दे. त्याच्या मनात येईल तेव्हा तो काढील. तोवर पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ घेऊन शेजारी बसायचं.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी शिफ्ट सुटून येताना पैठण रोडला त्याला ट्रकनं उडवलं.

आम्हाला कोण कळवणार? आम्ही त्याच्या घरच्यांसाठी कुणीच नव्हतो. ग्रुपवर आमचं चाललं होतं, "भुऱ्या, कुठं मेलास रे?"

ते मेसेज अजून तिथंच आहेत. डिलीट करायचा धीर होत नाही.

शेवटी फोन लावला तर बहिणीनं उचलला. "कोन भुऱ्या? ह्यो दत्तादादाचा फोन हाय. दादा गेला."

त्याचं डोकं माझ्याकडंच होतं. जबड्याचं इलॅस्टिक सैल झालं होतं, ते बदलायला दिलेलं. मी आणि आमची खार, आम्ही दोघी ते घेऊन पिशोरला निघालो. खारीचं खरं नाव मी त्या गाडीत विचारलं. सुवर्णा.

पिशोरला चहाच्या हॉटेलात विचारलं, "दत्ताचं घर कुठंय?"

"कोनता दत्ता? हितं ढीगभर दत्ते हायत."

"चितेगावला कंपनीत होता तो..."

त्या माणसाचं लक्ष माझ्या पिशवीकडं गेलं. एक कान बाहेर आला होता.

"लांडगा दत्ता व्हय? मग आसं म्हना की!"

आम्ही गार. इकडं जीव मुठीत धरून लपवायचो आम्ही, आणि गावात सगळ्यांना ठाऊक. आबा मेंढरं घेऊन लांब गेले की हा गल्लीत डोकं घालून बारक्या पोरांना नाचवायचा म्हणे. पाहिलं नव्हतं ते एकट्या आबांनी.

आबा वाड्याजवळ बसले होते. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्याकुट्याचा.

मी म्हटलं, "आबा, त्याची वस्तू द्यायला आलो."

त्यांनी डोकं मांडीवर घेतलं. मानेची लोकर दोन बोटांत चोळली.

"ही आपली लोकर हाय."

"हो आबा."

"कसा दिसायचा ह्याच्यात?"

"व्हिडिओ दाखवू का?"

नको म्हणाले. डोक्याचा रुमाल सोडला, खाली ठेवला, आणि ते लांडग्याचं डोकं स्वतःच घातलं.

आतून आवाज आला, "येवढंच दिसतं व्हय?"

"हो आबा. डोळ्यांना जाळी असते. समोरचं तेवढं दिसतं."

"आन् भायरून आतलं?"

"काहीच दिसत नाही."

मग ते तसेच गुडघ्यांवर ओणवे झाले.

फोममधून आवाज येतो. फार नाही, पण येतो. मीच बनवलंय, मला माहितीय.

बहीण धावत आली. "आबा, काढा ते! लोक काय म्हनतील?"

सुवर्णा म्हणाली, "राहू द्या ताई. आमच्यात काढ म्हणत नाहीत."

आम्ही पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. ऊन उतरलं, मेंढरं आली, तरी बसून होतो.

डोकं आबांकडंच आहे. ह्या वर्षात मी दुसरं एकही बनवलं नाही. थकलेय रे. रविवारी बागेत कुणी येतं, कुणी नाही.

इलॅस्टिक मात्र घट्ट केलं होतं, भुऱ्या. आबांना नीट बसलं.

दत्ता, तुला शेवटचा रामराम. आमच्या सगळ्यांचा, खऱ्या नावानं.