परबकाकांचे मासे

परबकाकांच्या घराची बेल वाजवली की दार उघडायच्या आधी आतून आवाज यायचा, "बोला!" दार नंतर. सगळी नोकरी फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेला माणूस. आधी आवाज, मग चेहरा, हा क्रम निवृत्त झाल्यावरही सुटला नव्हता. "बोर्ड सोडून ऑपरेटर जागचा हलत नाही गो," असं ते मला सांगायचे. आणि खरंच हलत नसत.

जूचंद्रच्या आमच्या इमारतीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मी तेव्हा विरारला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. तेवढ्या गुन्ह्यासाठी अख्ख्या सोसायटीतले रुसलेले माउस आणि अडकलेल्या सीड्या माझ्या दारात येऊन पडायच्या. वैताग नुसता! काका मात्र कधी काही घेऊन आले नाहीत. येणार कसे? काकींना अर्धांगवायू झाल्यापासून दूध-भाजीपलीकडे त्यांनी घर सोडलंच नव्हतं. काकी आतल्या खोलीत पलंगावर. खिडकी होती, पण उघडली की हातभर अंतरावर पुढच्या इमारतीची भिंत.

त्याच खोलीत कॉम्प्युटर. मुलगा, महेश, अमेरिकेत होता आणि त्याचे कागद तिकडे कुठेतरी अडकले होते. इकडे आला तर परत जाता येईल याची खात्री नाही, म्हणून येत नव्हता. सवड मिळेल तेव्हा कॅमेऱ्यावर आईला भेटायचा, आणि त्याची सवड म्हणजे बहुतेक वेळा आपली मध्यरात्र. त्यामुळे कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू. बंद केला आणि नेमका त्याचा कॉल आला तर? या धाकाने काका त्या बटणाला हातही लावत नसत.

एका शनिवारी दुपारी तेच माझ्या दारात उभे. "येतेस काय जरा? ही झोपत नाही गो."

आत पाऊल टाकलं आणि जीव घाबराघुबरा झाला. मे महिना, त्यात ती खोली म्हणजे भट्टीच. घामाने काकींच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. झोप लागली नाही आणि जखमा चिघळल्या, तर हॉस्पिटलात हलवावं लागेल असं डॉक्टर बजावून गेले होते. काकींनी हॉस्पिटलचा तर धसकाच घेतला होता. एकदा गेले की परत घर दिसणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

पलंगाला खेटून कॉम्प्युटरचं टेबल. सीपीयूचा डबा खालच्या बंद कप्प्यात, वर भरतकामाचं कापड, आणि आतला पंखा नुसता बोंबलत होता. पडद्यावर निळाशार समुद्र, बुडबुडे आणि रंगीबेरंगी मासे.

"हे रात्रभर चालू असतं?"

"तर! स्क्रीन सेव्हर ना तो. सेव्हर म्हणजे बचत. वीज वाचते आणि हिलाही करमतं. मुद्दाम भारीतला घालून घेतलाय."

मी कपाळावर हात मारला. "अहो काका, कसली डोंबलाची बचत! या माशांची शेपटं हलवायला आतला प्रोसेसर रात्रभर राबतोय. तो तापतो, मग पंखा किंचाळतो, आणि ती सगळी धग काकींच्या अंगावर."

काका मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे मीच हिला शेकत होतो?" त्यांनी एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरच्या बटणाकडे. "बंद केला तर पोराची भेट चुकते. चालू ठेवला तर ही जाते. मी कुठे जाऊ, सांग."

"बंद नाहीच करायचा," मी म्हटलं. "काम नसेल तेव्हा त्याला स्वस्थ बसू द्यायचं, एवढंच." सेटिंगमध्ये जाऊन रिकाम्या वेळी प्रोसेसर आपोआप मंद होईल असं केलं, पडदा पाच मिनिटांत काळा होईल असं लावलं. डबा कप्प्यातून बाहेर काढला, कापड झटकून काकांच्या हातात दिलं. आता उरले मासे.

"मासे राहू देत की," काका कळवळून म्हणाले. "नाहीतर हिने बघायचं काय? ती भिंत?"

तेवढ्यात पलंगावरून जड जिभेने एकेक शब्द आला. "खावचे नाय... तर बघूचे कित्याक?"

काका गर्रकन तिच्याकडे वळले. "मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुमका बरा वाटत होता."

काका हसले, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मी गुपचूप मासे काढून टाकले.

रविवारी सकाळी चौकशीला गेले. खोली निवली होती, पंख्याची फक्त बारीक घरघर. काकी तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. इतक्यात कॉम्प्युटर वाजला. काकांनी झेप घेऊनच तो कॉल उचलला.

"बाबा, आईला उठवा ना. पाचच मिनिटं आहेत माझ्याकडे."

"नाही उठवणार."

"अहो, परत कधी जमेल मला—"

"नाही म्हटलं ना!" आवाज दबका, पण असा की मीही दचकले. "तू तिथे अडकलायस, मी इथे अडकलोय. ती आत्ता कुठे सुटलीय. तिला नको परत बोलावू."

मग त्यांनी मॉनिटरवरचा छोटा कॅमेरा उचलला आणि पलंगाकडे वळवून तसाच हातात धरून उभे राहिले. महेशची पाच मिनिटं केव्हाच संपली असतील. पण पडद्यावरून तो जागचा हलला नाही.