दोस्तीच्या पुलाचा गवंडी

मल्लाप्पाकाकांसमोर 'सरकार' हा शब्द निघाला की ते आधी थुंकत, मग बोलत. सरकार निजामाचं असो की इंग्रजांचं, थुंकण्यात भेदभाव नसे. आमच्या शेजारचे हे गवंडी. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि जीभ दोन्हींत तिखट.

गावाबाहेरचा ओढा ही सरहद्द. अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज, आणि पुढं सोलापूरचा मोठा दवाखाना. दोन्ही सरकारांनी मिळून ओढ्यावर 'दोस्तीचा पूल' बांधायचं ठरवलं. दोन्हीकडचे साहेब आपापल्या काठावर तंबू ठोकून बसले आणि चार दिवस भांडले, ते पाटीवर आधी कुणाचं नाव यावरून. काका म्हणाले, "ह्यांची दोस्ती म्हंजी दोन बोक्यांची. डोळा दुधावर, नख्या एकमेकावर."

तरी अलीकडचा खांब काकांनीच बांधला. घडीव दगडाचा, चोख. पलीकडं काहीच उठलं नाही. महायुद्ध लागलं, इंग्रजांचं लोखंड तिकडं गेलं. इकडच्या साहेबांनाही भीती, पूल झाला तर आपला कापूस सोलापूरच्या गिरण्या ओढून नेतील. खांब एकटाच राहिला. त्यावर कावळे बसत.

पुढच्या श्रावणात काकांची लेक नीलव्वा बाळंतपणाला आली आणि अडली. सुईण म्हणाली, सोलापूरला न्या. ओढा दुथडी भरलेला. दिवसभर तिला घेऊन गाडी त्या खांबाशी उभी होती. संध्याकाळी गाडी परत आणली तेव्हा नीलव्वा जिवंत नव्हती.

पाणी ओसरल्यावर काकांनी पहार घेतली आणि स्वतः रचलेला खांब उतरवायला लागले. आम्ही सात-आठजण मदतीला गेलो. त्याच दगडांची ओढ्यात फरशी घातली, गाडी जाईल एवढी रुंद. शेवटचा दगड बसला त्या दिवशी निजामाचा पोलीस अमीन, म्हणजे फौजदार, आला.

"सरकारी दगड चोरतोस?"

काका थुंकले. "साहेब, तुमचा दगड कावळ्यांच्या कामाला हुता. आमी मानसांच्या कामाला लावला."

त्यांना तुळजापूरला नेऊन कोठडीत घातलं. फरशी मात्र कुणी उखडली नाही. दोन्हीकडच्या साहेबांच्या मोटारी तिच्यावरून खुशाल जाऊ लागल्या. लाज नावाची चीज दोन्ही दरबारांत नव्हती.

वर्षानं काका सुटले ते छातीचं दुखणं घेऊन. मीच त्यांना गाडीत घालून सोलापूरला निघालो. फरशीवर घोटाभर पाणी होतं. मधोमध आल्यावर म्हणाले, "थांबव." उतरले आणि कितीतरी वेळ पाण्यात उभे राहिले.

"नीलव्वाला हितनं न्यायची हुती," एवढंच बोलले.

हात धरून त्यांना वर बसवलं. दुपारी दवाखाना गाठला. चौथ्या दिवशी ते तिथंच गेले.