स्कोअररच्या शेजारची खुर्ची

"क्रिकेटमध्ये सुटलेला झेल कुणी लिहीत नाही. इथे बेसबॉलमध्ये लिहितात, आणि ज्याच्या हातून सुटला त्याच्या नावावर," असं अंकल प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. मग कानामागची पेन्सिल काढून तिचं टोक बोटावर टोचून बघायचे.

ते मूळचे वसईचे. तरुणपणी चर्चच्या मैदानावर क्रिकेटचे सामने लिहीत. ॲडलेडला आल्यावर बेसबॉल लिहायला शिकले आणि आमच्या शहराच्या व्यावसायिक संघाचे स्कोअरर झाले. मी त्यांचा शेजारी. माझ्या मुली घरात इंग्रजीतच उत्तरं द्यायच्या. मराठीत वाद घालायला मला अंकल होते. "तुम्ही पुणेकर चेंडू पडायच्या आधीच निकाल देता," म्हणायचे.

कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीत, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. तातडी नसलेली ऑपरेशन्स पुढे ढकलली जात होती. हे संघाला कळलं असतं तर स्कोअररची खुर्ची गेली असती, आणि आंटी वारल्यापासून त्यांना तेवढीच उरली होती. म्हणून मी मदतनीस होऊन बसू लागलो, नियमाप्रमाणे मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. मान न वळवता ते विचारायचे, "काय झालं?" मी मास्कमधून हळूच सांगायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका कामावर उभी असतात.

एका रविवारी दुपारी त्यांनी विचारलं तेव्हा मी फोनमध्ये होतो. पुण्याच्या ग्रुपवर कुणीतरी गच्चीतल्या टोमॅटोंचा फोटो टाकला होता. मान वर केली तर चेंडू गवतात, धावणारा बेसच्या गादीवर पोचलेला. मी म्हणालो, "शॉर्टस्टॉपच्या हातून सुटला." त्यांनी चूक लिहिली, त्या मोसमात एकही चूक न केलेल्या त्या क्षेत्ररक्षकाच्या नावावर.

खरं तर चेंडू बेसच्या कडेवर आपटून उडाला होता, त्यात खेळाडूची चूक नव्हती. व्हिडिओत स्वच्छ दिसत होतं. सामन्यानंतर संघाचा अधिकारी वर आमच्या खोलीत आला. अंकलनी नोंद खोडली आणि म्हणाले, माझी नजर उरली नाही, दुसरा माणूस बघा. माझं नाव घेतलं नाही. मी शेजारीच होतो. गप्प राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात ते मुलीकडे पर्थला गेले आणि तिथेच वारले. राज्याची सीमा बंद होती, मला जाता आलं नाही. पण मला सतत आठवतो तो त्या सामन्याच्या संध्याकाळचा परतीचा रस्ता. गाडी मी चालवत होतो.

"अंकल, मी तेव्हा..."

"ठाऊक आहे. चेंडू दिसत नाही मला. शेजारच्याची मान खाली आहे एवढं दिसतं."

"मग लिहिलंत कशाला?"

"पुन्हा विचारलं असतं तर तू बघितलंच नाही हे खरं सांगितलं असतंस. मग दुसऱ्या कुणाला विचारताना डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. खुर्ची सोडवत नव्हती रे."

घर आलं, ते उतरले. एरवी मी उतरून फाटक उघडून द्यायचो. त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभं राहायची लाज वाटून स्टिअरिंग धरून बसून राहिलो. समोर ते एका हाताने कडी चाचपत होते, आणि ती त्यांना सापडत नव्हती.