शिवकांताचं वय सतरा

अण्णारावांना त्या नादाला मीच लावलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको.

साल २००९. लातूरच्या एका क्लासमध्ये मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हणजे काय, तर मुलांना जुने प्रश्नसंच द्यायचे आणि परत घेताना पानं फाडलीत का ते बघायचं. चाकूरपासून बिलोलीपर्यंत कुठून कुठून मुलं यायची आणि आईबाप त्यांना वॉर्डनच्या हवाली करून, पोरगं डॉक्टर झालंच अशा थाटात परत जायचे. मला या सगळ्याचा वीट आला होता. शेजारच्या टेबलावर अण्णाराव बसायचे. प्रवेशाचे फॉर्म भरून घेणं आणि प्रश्नपत्रिका टाइप करणं हे त्यांचं काम. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर त्यातली सात "जन्मतारीख सांगा" अशीच असायची.

दुपारी दोन ते चार सगळी पोरं वर्गात कोंडलेली असायची. तेव्हा मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहून खेळायचा एक खेळ खेळायचो. एका मराठी साईटवर बेलवाडी नावाचं खोटं गाव होतं. पंचवीस-तीस माणसं, कुणी पुण्याची, कुणी थेट दुबईची. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याचं बोलणं-चालणं लिहीत जायचं. मी दारुडा सरपंच होतो. घरी बायकोसमोर आवाज चढत नाही, ती हौस तिथं भागायची.

अण्णाराव मागून वाचायचे. एकदा म्हणाले, मलाही शिकवा. मी नियमांची प्रिंट काढून दिली. पात्राचं नाव, वय, सवय, भीती एवढं आधी लिहायचं. आपल्या पात्रापुरतंच बोलायचं, दुसऱ्यानं काय केलं हे आपण ठरवायचं नाही. एकानं लिहिलं की थांबायचं, उत्तर येऊ द्यायचं. अण्णारावांनी तो कागद घडी करून डब्याच्या पिशवीत टाकला आणि घरी जाऊन पाठ केला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी ते बेलवाडीचे किराणा दुकानदार झाले.

इतका कंटाळवाणा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. कुणी साखर मागितली की "साखर दिली" एवढंच लिहायचे. मी म्हटलं, अहो, साखर देताना चार शब्द बोला, गिऱ्हाईकाच्या पोराचं लग्न काढा. ते नुसते हसले.

पंधरा दिवसांनी बेलवाडीत एक मुलगी आली. नाव शिवकांता, वय सतरा, बारावी सायन्स. सवय, केस विंचरताना गुणगुणणं. भीती, छपराखाली झोपण्याची. आणि काय लिहायची ती! आल्या दिवशीच तिनं माझ्या सरपंचाला सुनावलं, "काका, आज तरी सरळ चाला, गटार तुमच्या वाटेत न्हाई." सगळं गाव तिच्या प्रेमात पडलं. मी अण्णारावांना म्हटलं, ही बघा, अशी लिहायची असते पात्रं. ते म्हणाले, "ती मीच हाव."

मी हसलो. मग त्यांनी सांगितलं आणि माझं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. शिवकांता त्यांची मुलगी. किल्लारीच्या अलीकडे त्यांचं गाव होतं. भूकंपात गेली तेव्हा ती तेरा महिन्यांची होती. त्यानंतर मूल झालं नाही. यंदा बारावीचे फॉर्म भरून घेताना पोरींच्या जन्मतारखा सगळ्या ब्याण्णवच्या येत होत्या, आणि हा माणूस त्या लिहून घेत होता. तेव्हा त्यांची ती सात वाक्यं मोजल्याची मला लाज वाटली.

खरं सांगतो, त्यानंतर मला तिची भीती वाटू लागली. मृत पोरगी रोज दुपारी उठून प्रश्नपत्रिका अवघड होती म्हणून कुरकुरायची. मैत्रिणीशी भांडायची. टाइप करताना अण्णारावांचे ओठ हलायचे, पण चेहरा अण्णारावांचा नसायचा. मी खुर्ची थोडी लांब घेतली होती, हेही कबूल करतो.

ऑगस्टात लक्ष्मम्मा आली. पात्र म्हातारीचं, बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालणारी. तिनं गावात इतर कुणाशीच बोलणं काढलं नाही. सरळ शिवकांताला लिहिलं: "उजवा कान टोचलास का गं पोरी, का अजून तसाच हाय?"

अण्णारावांनी मला हाक मारली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. जावळाच्या दिवशी सोनारानं पोरीचा डावा कान टोचला आणि ती अशी रडली की उजवा राहूनच गेला. पुढच्या महिन्यात करू म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात गावच उरलं नाही. ओळीनं ठेवलेल्या पोरांतून त्यांनी आपली पोर त्या कानावरून ओळखली होती. आणि लक्ष्मम्मा नावाची म्हातारी त्यांच्या गल्लीत खरोखर होती. तिनंच शिवकांताला न्हाऊ घातलं होतं. तीही त्याच पहाटे गेली.

मी म्हटलं, कुणीतरी गाववाला चेष्टा करतोय, बंद करा हे. पण बंद कोण करतो? रोज सकाळी आले की ते आधी म्हातारीनं काय लिहिलंय ते बघायचे. ती शिवकांताला विचारायची, जेवलीस का, केसाला तेल लावलंस का. शिवकांता लाडात येऊन उत्तरं द्यायची. तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या तारखेला, दोघींनीही एक अक्षर लिहिलं नाही. ठरवून गप्प बसल्यासारख्या. त्या दिवशी मी ऑफिसात एकटा थांबलो नाही.

शेवटी ते माझ्यामागं लागले, ही कोण आहे ते काढा. साईट चालवणारी उर्वी नांदेडला इंजिनिअरिंगला होती. तिला मी मेल टाकली. नावगाव तिलाही ठाऊक नव्हतं, पण लक्ष्मम्मा कोणत्या दिवशी, किती वाजता येते त्याची यादी तिनं पाठवली. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सव्वापाच. शनिवारी सकाळी साडेअकरा. रविवारी कधीच नाही. दिवाळीत तीन आठवडे गायब.

मला त्यातून काहीच कळलं नाही. अण्णारावांनी यादी दोनदा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शनिवारी सकाळची शाळा असती," ते म्हणाले. "नियमाचा कागद घरीच हाय माझ्या, साईटचं नाव बी त्याच्यावरच हाय."

त्यांची बायको तारामती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सरकारच्या सक्तीमुळे कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि शाळेतल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरची चावी तिच्याकडेच. म्हणजे शिवकांता कोण लिहितंय हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटलं, चला, भूत उतरलं. आता नवराबायको घरी बसून काय ते बोलतील.

ते घरी काहीच बोलले नाहीत. मला याचा राग आला. एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवायचं, भाजीत मीठ कमी म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या पोरीच्या आणि मेलेल्या म्हातारीच्या तोंडून एकमेकांची खुशाली विचारायची. मी फाडकन बोललो की हे बरं नाही. त्यावर अण्णारावांनी सोळा वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

भूकंपाच्या आदल्या रात्री गणपती बुडवून ते उशिरा घरी आले. ते, तारामती आणि पोर असे तिघं अंगणात झोपले होते. पोर शिंकत होती, म्हणून अण्णारावांनी तिला उचलून आत आपल्या आईच्या कुशीत ठेवलं. राहू द्या इथंच, असं तारामती म्हणाली होती. पहाटे माळवद, ते मातीचं जड छत, खाली आलं. अंगणातले दोघं वाचले. त्यानंतर तारामतीनं त्या रात्रीचा विषय एकदाही काढला नाही, आणि न काढलेल्या त्या विषयाखाली हा माणूस सोळा वर्षं जगत होता. ती आपल्याला दोषी धरते की नाही एवढं एकच त्यांना हवं होतं, आणि विचारायची छाती नव्हती.

डिसेंबरातला शनिवार होता. साडेअकराला ते कॉम्प्युटरपाशी बसले. मला म्हणाले, थांबा इथं. शिवकांतानं लिहिलं:

"आज्जी, मला त्या रात्री आत कुणी ठेवलं?"

पाच मिनिटं गेली. वर्गातून सूत्रं घोकल्याचा आवाज येत होता. दहा मिनिटांनी उत्तर आलं. म्हातारीनं इतकं लांब कधीच लिहिलं नव्हतं.

"आधी तुझ्या बापानं ठिवलं. पर मागून तू रडलीस. तुझी माय आत गेली, तुला उचलून बाहेर आनलं, पाजलं. तू तिच्या खांद्यावर निजलीस. बाहेरच ऱ्हाऊ द्यावं आसं तिच्या मनात आलं व्हतं. पर डोळ्यावर लई झोप व्हती, आन् तू कुशीत आसलीस की तिला झोप येत नव्हती. म्हनून तिनंच तुला परत आत नेऊन ठिवलं. बाप घोरत व्हता. त्येला ह्यातलं काईच ठावं न्हाई. तिनं त्येला कदी सांगितलं न्हाई."

अण्णाराव पडद्याकडं बघत राहिले. मी अंदाज बांधत होतो की आता ते रडतील, नाहीतर चिडतील, कारण सोळा वर्षं ओझं त्यांनी वाहिलं आणि खरं माहीत असून ती गप्प बसली होती. मी त्यांच्या जागी असतो तर चिडलोच असतो. पण पाळी शिवकांताची होती. त्यांचे ओठ हलले, आणि बोटं अगदी सावकाश चालली.

"मग मायला झोप लागली का?"

यावेळी उत्तर लगेच आलं.

"न्हाई गं. अजून न्हाई."

अण्णाराव उठले. तारामतीची शाळा औसा रोडच्या पलीकडं होती, रिक्षानं पंधरा मिनिटं. रजेचा अर्ज न देता, पिशवी न घेता ते जिन्यावरून खाली गेले, आणि मी खिडकीतून बघितलं तर रिक्षाची वाट न बघता ते पायीच निघाले होते.