शुक्रवारी सुट्टी घेणारं लंडन

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. मोरिवलीच्या त्या सुनेचं मात्र जसंच्या तसं आठवतं. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. टेबलावर हात आपटला की माणूस खरं बोलतो, अशी तेव्हा माझी पक्की समजूत. खरं किती निघालं देव जाणे, टेबल मात्र डुगडुगायला लागलं होतं.

बदलापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी तक्रार दिली. 'आधी पैसे भरा, मग जास्त कमवा' अशा फावल्या वेळातल्या ऑनलाइन कामाच्या नादात त्यांची पुंजी गेली होती. बँकेकडून माहिती मागवली, तर पैसे मोरिवलीच्या एका गृहिणीच्या खात्यातून पुढे गेलेले. खातं गोठवलं, बाईला बोलावलं. ती सासूला घेऊनच आली.

"किती जणांना फसवलंस?" मी टेबल वाजवलं.

"कोणाला नाय ओ मॅडम. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी फोनवर हॉटेलांना स्टार देते. लंडनच्या सोफिया मॅडम त्याचे पैसे पाठवतात."

"कसली हॉटेलं?"

"काय माहीत? मी कुठं गेलेय जेवायला!"

हवालदार खोकल्याच्या आडून हसले. पुढे सोफिया मॅडमनी तिला बढती दिली होती. लोकांचे पैसे तिच्या खात्यात यायचे, थोडे ठेवून बाकीचे तिनं पुढे पाठवायचे. बढती मिळाली म्हणून बाईनं आळीत पेढे वाटले होते.

"पेढा मीपण खाल्ला," सासू म्हणाली. "मलापण आत टाकणार काय?"

हसू दाबलं, पण कागदावर सून सरळ आरोपी होती. खरे चोर सापडले नाहीत, तर तिला अटक दाखवावी लागणार होती.

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला.

"मॅडम, टास्क आलंय. करू का? उद्या शुक्रवार, उद्या काय येणार नाय."

"का?"

"कंपनीला सुट्टी असते ना."

मी पुन्हा आपटायला उचललेला हात तसाच राहिला. माझे यजमान मोरिवलीच्याच औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात होते. वसाहतीची सुट्टी शुक्रवारी. लोक रविवारी मटण आणतात, आमच्याकडे जन्मभर शुक्रवारी शिजलं. लंडनमध्येही शुक्रवारीच शिजतं, हे काही पटेना.

शनिवारी हवालदार आणि मी वेषांतर करून त्या वसाहतीत गेलो. माझं वेषांतर म्हणजे फुलाफुलांची साडी आणि गॉगल. चहावाला लगेच म्हणाला, "या मॅडम, पोलीस ना?"

मग मीही सरळच विचारलं, "माल येत नाही, माल जात नाही, पण चहा सारखा जातो, असा गाळा कुठला?"

त्यानं किटलीनंच दाखवला. पंच बोलावून आत शिरलो. यंत्र एकही नाही, नुसते फोन आणि चार्जर. लंडनच्या सोफिया मॅडमना चांगली झुपकेदार मिशी होती.

त्या फोनमधल्या संदेशांवरून सुनेलाही फसवलं होतं हे सिद्ध झालं. ती आरोपी न राहता साक्षीदार झाली. शिक्षकांची थोडी रक्कम कोर्टामार्फत परत मिळाली.

चौकशीत आपला आवाज खाली आला की समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, एवढं मी त्या प्रकरणात शिकले. टेबलही वाचलं.

हल्ली मीसुद्धा भाजी शिजेपर्यंत एका कंपनीला फोनवर मराठी वाक्यं वाचून, रेकॉर्ड करून देते, त्याचे पैसे मिळतात. नात चिडवते, "आजी, तू पण?"

"अगं, हे देतात, मागत नाहीत," मी सांगते. "आणि पहिल्याच दिवशी विचारून घेतलंय, तुमची सुट्टी कुठल्या वारी?"