पंचा गुंडाळलेला नवरदेव

समस्त वऱ्हाडी मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकात बावड्याच्या एका मांडवात नवरदेवाने तोंडाला हळद लावून घ्यायला साफ नकार दिला होता. मी मित्रासोबत नुसता जेवायला गेलेलो; नवरदेवाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

गडी पाटावर ताठ बसला होता, तोंडाभोवती पंचा घट्ट गुंडाळून. कॉलेजपासून छळणाऱ्या मुरुमांना बारामतीच्या डॉक्टरांच्या औषधाने कुठे आत्ता उतार पडला होता. पुटकुळी फोडायची नाही, रात्रीचं मलम चुकवायचं नाही आणि तोंडाला तेल तर अजिबात नाही, हे तो उपवासासारखं पाळत होता. हळद मात्र तेलात कालवलेली!

“हाताला लावा, पायाला लावा. तोंडाला न्हाय,” पंचाआडून आवाज आला.

“आरं, पोरीनं पोहे देताना एकदाच बघितलं तुला, तेबी फोडांसकट, अन् व्हय म्हणाली,” वाटी घेऊन भोवती फिरणारी आत्या म्हणाली. “मग आता कशाला भितोस?”

बायका खिदळल्या. पंचा तसूभर हलला नाही. गालांसाठी एवढी शर्थ करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटी आत्याच दमली. “ऱ्हाऊ दे तुजं. ही उष्टी हळद नवरीकडं धाडते. तिच्या तरी तोंडाला चोळतील.”

नवरदेव ताडकन उठला. पंचा गळून पडला.

“तिलाबी न्हाय चालत! वर्षभर आमी दोघं त्या डॉक्टरच्या एकाच बाकड्यावर बसतोय!”