तनूच्या पोटात गहू कुठून जात होता

"आजपासून गहू बंद. कायमचा," यवतमाळचे डॉक्टर म्हणाले आणि मी बावळटासारखं विचारलं, "सणावारालाही?"

"सणावारालाही. पोळी, बिस्कीट, रवा, मैदा, शेवया, सगळं बंद."

तनू माझ्या मांडीवर होती. तेव्हा नऊ वर्षांची, पण अंगानं चार वर्षांच्या पोरीएवढी. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून हातपाय ताठ, बसता येत नाही, बोलता येत नाही. त्यात आता हा दुसरा आजार, सिलियाक डिसीज. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की अशा माणसाच्या आतड्याला आतून इजा होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, एक आजार कमी होता का हो?"

आम्ही आर्णीचे. तनूच्या बाबांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, मी घरी ब्लाऊज शिवते. तनूचं पोट तिच्या पाचव्या वर्षापासून बिघडलेलं. आठ-आठ दिवस शी नाही, मग एकदम जुलाब. पोट नगाऱ्यासारखं टणक. आणि रडणं. ती रडायला लागली की पाय एकमेकांवर चढतात, मूठ घट्ट होते, मान मागे जाते. दुखतंय कुठं, हे सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत. ज्याला दाखवावं तो म्हणायचा, "अशा पोरांचं असं होतेच." चार वर्षं मी हे ऐकलं आणि मुकाट्यानं घरी आले. तुमच्या घरी असं लेकरू असेल तर बाई, हे वाक्य ऐकून घरी येऊ नका. का होते ते विचारा. भांडा. मी इतकी भांडखोर, पण नेमकी तिथं गप्प बसले.

शेवटी यवतमाळच्या या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली. गव्हाशी शरीराचं वैर आहे का, ते त्यात कळतं. आकडा फार वर आला. मग नागपूरला एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतडं बघणं. त्यासाठी पोट रिकामं लागतं. सकाळपासून तिला पाण्याचा थेंब नाही. आमचा नंबर दुपारी लागला. शेजारी बसलेल्या बाईनं आपल्या लेकराला केळं दिलं, तर तनूनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. आई का देत नाही, हे तिला कसं सांगावं? मी तोंड फिरवून बसले. दुसरं काय करणार होते मी?

गहू बंद करा म्हणणं सोपं आहे. तनूला चावता येत नाही. दुधात भिजवलेलं बिस्कीट आणि वरणात कुस्करलेली पोळी, एवढंच तिच्या घशाखाली उतरायचं. आता जवारीची पेज, मऊ भात, राजगिऱ्याची खीर. पहिले पंधरा दिवस ती दात आवळून बसायची. चमचा पुढे केला की मान फिरवायची. वाढ तर सोडाच, होतं ते वजनही उतरायला लागलं. मी एकदा चिडून चमचा फेकला आणि मग स्वतःच रडले.

मी काय नाही केलं! तनूचा तवा वेगळा, डबा वेगळा, चमचा वेगळा. चक्कीवर गव्हामागून जवारी दळली की जवारीत गहू येतो, हे कळल्यावर सोमवारी सकाळी चक्की उघडताच पहिलं दळण माझं. चक्की झाडून, आधी तांदूळ फिरवून, मग जवारी. चक्कीवाले भाऊ म्हणायचे, "ताई, तुम्ही आल्या की माह्या अंगावर काटा येते." येऊ दे म्हटलं. शेजारी गव्हाच्या रोडग्यांचं जेवण असलं की दार लावून बसायची मी.

सहा महिन्यांनी पुन्हा टीटीजी केली. आकडा जेमतेम हलला होता. पोट तसंच, रडणं तसंच.

डॉक्टर कागद बघून म्हणाले, "कुठून तरी गहू जातोय हिच्या पोटात. घरात आणखी कोण भरवतं हिला?"

झालं! हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला तो निघेना. मी मशीनवर असते तेव्हा तनूला भरवतात माझ्या सासूबाई. आणि त्या मला कितीदा तरी म्हणाल्या होत्या, "एका घासानं काय होते वं सविता? पोरगी वाळून राह्यली." एस्टीनं आर्णीला येईपर्यंत माझी खात्रीच झाली.

दारातून आत आले आणि सुरू झाले. "आई, तुम्ही तिला चोरून पोळी देता." त्या नाही म्हणाल्या. मी म्हटलं, खोटं बोलता. तनूचे बाबा मध्ये पडले, त्यांनाही झाडलं. मी म्हणाले, "तुमच्या लाडापायी माझी पोरगी मरंल." हे वाक्य मी बोलले. इथं लिहितानाही लाज वाटते.

सासूबाई म्हणाल्या, "मी माह्या नातीले जहर देईन का वं?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या उमरखेडला, माझ्या नणंदेकडे निघून गेल्या. मी थांबवलं नाही. आता त्या नसल्यावर खरं काय ते कळेल, असंच मनात होतं माझ्या.

पण काही कळलं नाही. आता भरवणारी मी एकटी, आणि तनूचं रडणं वाढलंच. एका हातानं शिलाई, एका हातानं पोरगी. पोटाला शेक दे, पाय पोटाशी दाब, पालथी घाल. आणि हिंग, तो तर आधीपासूनच चालू. माझ्या माहेरी पोटाच्या सगळ्या दुखण्याला हिंगच. तनू रडली की पाव चमचा हिंग कोमट पाण्यात घोळून पाजायचा. आधी दिवसातून दोनदा देत होते, आता चारदा. जितकी जास्त रडेल तितका जास्त.

दोन महिने असे काढल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "तिच्या तोंडात जाणारं सगळं घेऊन या." मी पिशवी भरून नेली. पीठ, डाळ, तिखट, हळद, तेलाची पुडी. मॅडमनी एकेक पाकीट चष्म्याजवळ धरून वाचलं. सगळं बरोबर होतं. मला मनातून बरंच वाटलं. बघा, माझ्याकडून चूक नाहीच.

तेवढ्यात तनू रडायला लागली. मी पर्समधून हिंगाची डबी काढली, बाटलीच्या झाकणात घोळायला घेतलं.

मॅडम म्हणाल्या, "हे काय आहे?"

"हिंग. पोटासाठी देते."

"हे पिशवीत नव्हतं."

"हे खाण्यातलं नाही ना मॅडम. औषध आहे."

त्यांनी डबी फिरवली आणि मागची बारीक अक्षरं मला दाखवली. गव्हाचं पीठ. बाजारातला हिंग नुसता नसतो, पिठात कालवलेला असतो. कुणी तांदळाचं पीठ घालतं, कुणी गव्हाचं, कुणी मैदा. चार माणसांच्या वरणात चिमूटभर पडला तर बाकीच्यांना काही फरक पडत नाही. मी माझ्या पोरीला दिवसातून चार वेळा पाजत होते, तेही माझ्या हातानं, पोट दुखू नये म्हणून.

हातातलं झाकण मी टेबलावर ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "हे पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही." त्या चांगुलपणानं म्हणाल्या, पण मला ते ऐकूच आलं नाही धड. तनू रडतच होती आणि तिला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.

म्हणून सांगते, घरात असा आजार असेल तर औषधं, काढे, चूर्ण, चाटण, सगळ्यांवरची अक्षरं वाचा. जे तुम्ही खाण्यात धरत नाही, तेच आधी बघा.

चार दिवसांनी मी तनूला घेऊन उमरखेडला गेले. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं. सासूबाई ओसरीत तूर निवडत होत्या. मी "आई" म्हटलं आणि पुढचं काही आठवेना. त्यांनी तनूला माझ्याकडून घेतलं, पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "कवापासून कडक आहे?" मी हिंगाचं सगळं सांगितलं. माफ करा म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुलेबी कोणी सांगतलं नव्हतं." आणि तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबर आर्णीला आल्या.

पुढच्या तपासणीत आकडा बराच खाली आला. जुलाब थांबले. वजन दीड किलो वाढलं. सासूबाईंनी पेढे वाटले, त्याआधी हलवायाला तीनदा विचारून की यात मैदा नाही ना. मला वाटलं, सुटलो.

पण रडणं पूर्ण गेलं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा अजूनही तिचं पोट तसंच ताठतं. मी कागद घेऊन पुन्हा यवतमाळला गेले. डॉक्टर म्हणाले, "आहार तुम्ही उत्तम सांभाळताय, त्यात काही कमी नाही. पण सेरेब्रल पाल्सीमुळे हिच्या आतड्याची हालचालच मंद आहे. औषधानं थोडं हलकं करता येईल. सगळं जाणार नाही."

मी त्यांचे आभार मानले, आणि मनापासून मानले. खोटी आशा न दाखवणारा माणूसही मिळावा लागतो. पण खरं सांगू? चूक माझी होती तोवर बरं होतं. चूक सुधारता येते.

परवा दुपारी तनूचं पुन्हा सुरू झालं. शेक झाला, औषध झालं, पालथी घालून झालं. सासूबाई तिच्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "आता काय बंद करा लागते वं, सविता?"

"आता काहीच नाही, आई."

त्यांनी तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. मी डोकं घेतलं.